डॉक्टर ऑल्डन यांचं टेबल

१

दुपारची जेवणं झाली की आमच्या घरात सगळं ठरलेलं असायचं. आत्या माझ्या लेकीला, उर्जाला, तेल लावायच्या, लांब केलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायच्या. मग उर्जा दुपट्यात घट्ट गुंडाळली जायची, आत्या तिच्या शेजारी आडव्या व्हायच्या आणि झोपायच्या खोलीचं दार लागायचं. तेवढा वेळ माझा. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, टीव्हीचा आवाज अगदी बारीक करायची आणि डॉक्टर ऑल्डन यांना बघायची.

ही फार जुनी अमेरिकन मालिका. इथे जर्मनीत, एर्लांगेनला, ती जर्मन आवाज चढवून दुपारची दाखवतात. रंग उडालेले, मोटारी लांबलचक, पुरुषांच्या कॉलरी कानापर्यंत. हे डॉक्टर जिवंत माणसांना तपासत नाहीत, मेलेल्यांना तपासतात. कुणी नदीत सापडतं, कुणी कारखान्यात पडतं. पोलीस म्हणतात अपघात आहे, सही करा आणि मोकळे व्हा. डॉक्टर सही करत नाहीत. थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत जातात आणि विचारतात, "या माणसाच्या वतीने कोण बोलणार?" साहेब खाली बघतात. मला ते फार आवडायचं. टेबलावर काय आहे ते मात्र कधी दाखवत नसत. पांढरी चादर, फार तर चादरीबाहेर आलेले पाय. त्यामुळे भीती अशी वाटायची नाही.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा घाटाखाली होती आणि आमच्याकडे मुलींना तिथवर पाठवत नसत. इथला भाषेचा क्लास पोट वाढल्यावर सुटला. माझं बरंचसं जर्मन डॉक्टर ऑल्डन यांच्याकडूनच आलं. न अडखळता आलेला पहिला मोठा शब्द म्हणजे टोडेसउरझाखे, मृत्यूचं कारण.

"हिला बेकरीत पाव मागता येत नाही," माझे मिस्टर प्रणव सगळ्यांना सांगायचे. "पण पाववाल्याचा खून झाला तर हिलाच बोलवा."

सगळे हसायचे. मीही हसायची. पण मनातून मला अभिमानच वाटायचा. कुणी शिकवलं नव्हतं, कान देऊन मिळवलं होतं.

२

वसुधा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि आता सासू. मी त्यांच्या भावाची मुलगी, प्रणवना मामाची मुलगी केली. आत्यांचा व्हिसा लांबला, त्या आल्या तेव्हा उर्जा दोन महिन्यांची होऊन गेली होती. बारसं त्यांच्यासाठीच थांबवलं होतं. साठी उलटलेली बाई, विमानात पहिल्यांदा बसलेली, एकटी, दोन विमानं बदलून नातीसाठी आली. विमानतळावर त्यांना बघून माझा ऊर भरून आला.

आल्या आल्या त्यांनी घर हातात घेतलं. भिंतीवरच्या हीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "लोखंडाची ऊब ती, अंगाला लागते, हाडाला लागत नाही." मग प्रणवनी दुकानातून मांस भाजायची छोटी लोखंडी चूल आणली आणि कोळशाची पिशवी. तीच आमची शेगडी. पहिल्याच धुरीला छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळला की शेजारी जिन्यात आले. त्यावर आत्यांनी उपाय काढला. अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी त्याला घातली, रबरासकट. खिडक्यांच्या फटींमध्ये जुन्या इरकलीच्या पट्ट्या फाडून, काडीने दाबून बसवल्या. बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये, बाळाच्या टाळूला लागू नये. माझ्या आईनेही हेच केलं असतं. आमच्या घरी बाळंतिणीची खोली अशीच असते.

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर जिन्यात भेटल्या की एकच सांगायच्या. काचांना पाणी सुटलंय, खिडकी उघडा, हवा येऊ द्या, लुफ्टन, लुफ्टन.

"या लोकांना वाऱ्याचं वेड," आत्या म्हणायच्या. "हसून मान डोलव आणि ये वर."

मग थंडी वाढली आणि शेगडी धुरीनंतरही खोलीतच राहू लागली, निखारे विझेपर्यंत. त्याच दिवसांत उर्जाला रंग चढला.

आधी गालांवर, मग हातापायांवर. आमच्या दोन्ही घरांत कुणी असं नाही. बारशाला इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, त्यांत विद्यापीठात संशोधन करणारी विभावरीही होती. तिने उर्जाला उचललं आणि म्हणाली, "अगं अश्लेषा, ही तर इथल्याच बाळांसारखी गुलाबी झाली. काय देतेस काय हिला?"

"धुरी," आत्या म्हणाल्या. "आणि शेक. तुमच्या पुस्तकात नसेल ते."

त्या दिवशी आत्यांनी मीठमोहऱ्यांनी दोनदा दृष्ट काढली. घोट्यातला काळा दोराही बदलून नवा बांधला. मी आईला व्हिडिओवर बाळ दाखवलं, तळवे उघडून दाखवले. आई बोलेचना. मला वाटलं, तिला भरून आलं.

माझं डोकं मात्र सारखं ठणकायचं. बाबागाडी घेऊन बाहेर गेलं की उतरायचं. "मन रमतं ना बाहेर, म्हणून," आत्या म्हणायच्या. त्यांचंही दुखायचं, पण त्या बोलून दाखवत नव्हत्या.

३

त्या दुपारी डॉक्टर ऑल्डन त्यांच्या खोलीत उभे होते. नेहमीची पांढऱ्या फरश्यांची खोली, नेहमीचं टेबल. मला आधी कळलंच नाही की काय चुकलंय. मग लक्षात आलं, संगीत नाही. या मालिकेत सतत काहीतरी वाजत असतं. आता फक्त फ्रिज चालतो तशी घरघर होती. त्यांचा मदतनीस नव्हता, पोलीस नव्हते.

चादरीखालचा उंचवटा फार लहान होता. उशीएवढा. त्यापुढे चादर टेबलावर सपाट पडलेली.

डॉक्टरांनी चादरीचं टोक उचललं. दोन तळवे दिसले. इतके छोटे की दोन्ही त्यांच्या एका मुठीत मावले असते. त्या मालिकेत लाल रंगही विटकरी दिसतो, रक्त चहासारखं दिसतं. पण हे तळवे गुलाबी होते. ताजे. एका घोट्यात काळा दोरा होता.

डॉक्टरांनी अंगठा तळव्यावर दाबला, उचलला आणि थांबून राहिले. मग हळूच म्हणाले, "दाबलं तरी पांढरं पडत नाही, रंग हलत नाही. म्हणजे वेळ होऊन गेली."

त्यानंतर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. जाहिराती संपल्यावर भलतीच गोष्ट सुरू होती, बोट, बंदर, एक नावाडी. त्या टेबलाचं कुणी नावही काढलं नाही.

मी स्वतःला समजावलं. मेलेल्याच्या पायाला चिठ्ठी बांधतात, तिचाच तो दोरा. आणि मला डुलकी लागली असणार, रात्रीची झोप होतच नव्हती. तरी उठून आत डोकावले. आत्या घोरत होत्या. उर्जाच्या नाकातून बारीक घुरघुर येत होती, ती झोपेत नेहमी तशीच घुरघुरते. मी दार लावून घेतलं, ऊब बाहेर जायला नको म्हणून.

संध्याकाळी प्रणवना सांगितलं. ते हॉस्पिटलच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितात, शांतपणे ऐकून घेतात.

"त्या काळी टीव्हीवर मेलेलं मूल दाखवत नसत, अश्लेषा. आजही सहसा दाखवत नाहीत."

"मी पाहिलं ना पण."

"तू दमली आहेस. उद्यापासून दुपारी तूही झोपत जा की आत, त्यांच्याबरोबर."

"अहो, मला आत गुदमरतं," मी म्हणाले. मी ते म्हणाले खरं, पण कुणीच ते ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.

४

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं होतं. लंगोटांच्या घड्या घालत बसले. मग वाटलं, नाही लावला तर तेच डोक्यात राहील. एकदा बघावं, नेहमीसारखं असेल, मन मोकळं होईल. लावला.

डॉक्टर एका घरात आले होते. ते दर गोष्टीत मेलेल्याच्या घरी जातात. पोलिसांना न दिसलेलं त्यांना तिथेच सापडतं. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. अरुंद खोली, कपाट, एक खिडकी, काचांना पाणी सुटलेलं. पलंग होता की नाही दिसत नव्हतं, डॉक्टर मध्ये होते.

ते खिडकीपाशी गेले आणि चौकटीवरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. त्यांनी नखाने काहीतरी धरलं आणि ओढलं. कापडाची पट्टी. ती लांबच लांब येत राहिली, ओली, गुंडाळी सुटत. मला वाटलं, परदेशातही लोक फटी बुजवत असतील, थंडी काय आपल्यालाच वाजते? मग त्यांनी ती पट्टी उजेडात धरली. रंग काही कळत नव्हता, पण काठ कळत होता. इरकलीचा काठ मी लहानपणापासून ओळखते. आत्यांच्या अंगावर पाहिलाय.

डॉक्टरांनी वर छताकडे पाहिलं. छतावर काहीतरी गोल होतं, प्लॅस्टिकने झाकलेलं, कडेला रबराच्या चुण्या. मी माझ्या मनाला विचारलं, इतक्या जुन्या काळी घरांच्या छतावर असलं काही असायचं का?

मग ते वळले. या मालिकेत कुणी कधी समोर बघत नाही, आपण बघतोय हे त्यांना माहीतच नसतं. त्यांनी पाहिलं. साहेबांच्या खोलीत बघतात तसंच, रागाने नाही, पण सही न करणारं ते बघणं.

"या लेकराच्या वतीने कोण बोलणार?"

जर्मनमध्येच म्हणाले. पण पहिल्यांदाच मला ते मनात मराठी करून घ्यावं लागलं नाही.

५

मी उठले. भिंत धरून गेले. झोपायच्या खोलीचं दार उघडलं. आत छान ऊब होती. धूर नाही, वास नाही. शेगडीच्या तळाशी थोडे निखारे, वर पांढरी राख. इतकी शांत, नीटनेटकी खोली होती की मला वाटलं, आपण वेड्या आहोत, लावावं दार आणि जावं.

पण घुरघुर येत नव्हती.

आत्या कुशीवर होत्या, तोंड उघडं. हाक मारली, हलल्या नाहीत. मी दुपटं सोडलं. उर्जा गुलाबी होती. इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती. हे मी लिहितेय, पण तेव्हा खरंच हेच मनात आलं.

मी तिच्या तळव्यावर अंगठा दाबला. उचलला.

पाहिलं.

पुढे मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. खिडकीची मूठ फिरली, पण चौकट निघेना, पट्ट्या पाण्याने फुगल्या होत्या. मी लटकले तिला. कापड टर्रकन फाटलं आणि बर्फाचा वारा तोंडावर आला. ज्या वाऱ्यापासून इतके दिवस जपलं, त्याच वाऱ्यात मी माझं उघडं बाळ धरलं, हात लांब करून, खिडकीच्या बाहेर. पाठ चोळली. तोंडात फुंकलं. अंगठा दाबत राहिले, उचलत राहिले. किती वेळा ते माहीत नाही.

मग एकदा अंगठा उचलला तर खाली पांढरा ठिपका होता. तांदळाएवढा. तो हळूहळू भरून आला. आणि उर्जा रडली.

खाली अंगणात फ्राऊ लिंडनर सायकलला कुलूप लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि ओरडल्या, बाळ आत घ्या, काय करताय. मी वरून एकच शब्द ओरडले. कोलेनमोनोक्सिड, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. डॉक्टर ऑल्डन यांच्या एका गोष्टीत तो होता, बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवलेल्या माणसाची गोष्ट. तेव्हा मला तो मोटारीचा विषारी धूर वाटला होता. शेगडीशी त्याचं काही नातं असेल हे कसं सुचावं, शेगडी तर आपल्या घरातली. तो शब्द तेव्हा माझ्या तोंडून स्वच्छ निघाला. फ्राऊ लिंडनर यांनी दुसरं काही विचारलं नाही, फोन कानाला लावला. मी उर्जाला गादीच्या चादरीत गुंडाळून खिडकीपाशीच ठेवलं आणि आत्यांना काखेत धरून जिन्यात ओढत नेलं. त्या माझ्या दुप्पट आहेत. अजून मला कळत नाही मी ते कसं केलं.

६

दोघीही वाचल्या. हॉस्पिटलमध्ये आत्यांच्या तोंडावर मास्क होता, तरी त्या हाताने विचारत होत्या, बाळाच्या डोक्यावर टोपडं घातलं का. प्रणव ऑफिसातून कोट न घालता सायकलवर आले होते. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही, आणि आत्यांसमोर ते कधी माझा हात धरत नाहीत.

उर्जाला बघणारी डॉक्टर तरुण होती. तिने सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? या वायूला वास नसतो."

"रंगावरून," मी म्हणाले. "ती गुलाबी झाली होती. आठ-दहा दिवस झाले."

तिने पेन खाली ठेवलं. "नाही. जिवंत मूल तसं होत नाही. उलट फिकट पडतं, मलूल होतं. पुस्तकात असतो तो रंग, पण तो नंतरचा."

"नंतरचा म्हणजे?"

"म्हणजे..." तिने प्रणवकडे पाहिलं. "तुम्ही हे कुठे ऐकलंत?"

"टीव्हीवर. मेलेल्यांना तपासणारे डॉक्टर आहेत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती हसली, सुटल्यासारखी. "तो रंग त्यांच्या टेबलावर दिसतो. तुम्हाला शेकाचा लालसरपणा दिसला असेल. पण तुम्ही खिडकी आधी उघडलीत, ते फार बरोबर केलंत. तुमच्यामुळे दोन माणसं जिवंत आहेत."

ते वाक्य मी जपून ठेवलंय. गावाकडे आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, वडिलांनी पारावर सांगितलं. सातवी पास अश्लेषाने जर्मनीत दोघींना मरणाच्या दारातून ओढून आणलं. मी ते मिरवते. का मिरवू नये?

अंगठ्याचं मात्र मी डॉक्टरला सांगितलं नाही. प्रणवनाही नाही.

उर्जाचा रंग आठवड्यात उतरला. आता ती गव्हाळ आहे, बापासारखी. विभावरी भेटायला आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, गुलाबी होती ना ही?" मी म्हणाले, "हाच तिचा रंग." आणि तो दाखवताना मला बारशापेक्षा जास्त अभिमान वाटला. शेगडी प्रणवनी कचऱ्यात टाकली. टीव्ही मी त्यानंतर दुपारचा लावला नाही.

७

आत्यांची परत जायची वेळ आली. दुपारची जेवणं झाली होती, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, आणि आम्ही दोघी स्वेटर घालून बॅगा भरत होतो. उर्जा जमिनीवर चादरीवर पाठ टेकून पडली होती, मुठी चोखत. आत्यांनी एक साडी घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"अश्लेषा, मी त्या दिवशी जागी होते गं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हात हलत नव्हता. हाक फुटत नव्हती. पण कान जागे होते. तिची घुरघुर ऐकत पडले होते. म्हटलं, पोर श्वास घेतेय तोवर देव आहे."

"मग?"

"मग तुझा टीव्हीच ऐकू येत होता." त्यांनी साडी बॅगेत ठेवली आणि वरून हात फिरवत राहिल्या. "बराच वेळ. तो माणूस काहीतरी बोलत होता. तेवढंच."

बाहेरून बस गेली. मी डब्याचं झाकण लावलं.

"तू आत आलीस," आत्या म्हणाल्या, "तेव्हा ती श्वास घेत होती ना गं?"

"घेत होती की," मी म्हणाले. "आत्या, तुम्हाला ग्लानी होती. ऐकू कसं येणार?"

"हो. तेही खरंच." त्यांनी पदराने डोळे टिपले. "माझ्या भावाची पोर आहेस. तू होतीस म्हणून."

तेवढ्यात उर्जाने एक पाय उचलला, कमरेतून वळली, एक हात अंगाखाली अडकला, तो तिने ओढून काढला, आणि ती पालथी पडली. पहिल्यांदा. पोरं चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतात, माझी वेळेवर पडली, डॉक्टर म्हणाली होती जरा उशीर होईल कदाचित. नाही झाला. आत्या म्हणाल्या, थांब, साखर आणते. पण उठल्या नाहीत.

उर्जाने मान उचलून आमच्याकडे पाहिलं आणि दमून गाल चादरीवर टेकला. हलेनाशी झाली. आम्ही दोघीही, एकमेकींकडे न बघता, तिच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठ वर येत होती, खाली जात होती. तरी आम्ही बघत राहिलो.